ताम्रपटाची दुसरी ओळ

खूप खूप वर्षांपूर्वी, नद्यांना अजून नावंसुद्धा पडली नव्हती तेव्हा, एका तळ्याच्या काठी पाच गावं होती. तळं एकच, आणि उन्हाळ्यात ते आटायचं. आधी पाणी कुणी घ्यायचं यावरून डोकी फुटायची. म्हणून राजाने रीत घालून दिली. दर चैत्रात पाची गावांनी विटी-दांडू खेळावा. जिंकेल त्याला पाण्याची पहिली पाळी, हरेल त्याला शेवटची. शेवटच्या पाळीला चिखल आणि बेडूक यायचे, दुसरं काही नाही.

म्हणून चांगल्या खेळगड्याला मोठा मान होता. गावं आपसांत गड्यांची अदलाबदलही करत. पण ती फाल्गुनातली होळी पेटेपर्यंतच. होळी पेटली की जो जिथे असेल तो तिथला.

वरच्या गावात असा एक गडी होता. एरवी तो बांबूच्या टोपल्या विणायचा. पण दांडू हातात आला की त्याचा टोला असा बसायचा, की विटी कुठे पडली ते बघायला पोरं बाभळीवर चढायची. बारा वर्षांच्या कराराने तो गावात आला होता आणि अकरा वर्षं खेळला होता. करार तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला, एक पत्रा गावाकडे, एक त्याच्याकडे. त्याची पहिली ओळ शेंबड्या पोरालाही पाठ होती: 'गड्याला विचारल्याशिवाय आणि त्याने हो म्हटल्याशिवाय त्याला दुसऱ्या गावाला देऊ नये.'

गावचा कारभार पाटलीणबाई बघायची. नवरा गेल्यावर तिने गाव एकटीने सांभाळलं होतं. बाई सरळ, पण स्वतःच्या अकलेवर फार भरवसा. गावाचा पत्रा तिच्या देव्हाऱ्यात असायचा. दर दसऱ्याला ती त्याला हळद-कुंकू वाहायची, डोकं टेकायची आणि परत ठेवून द्यायची.

त्या वर्षी माघातच पारावर बोलणं सुरू झालं.

"पुढच्या वर्षीच्या होळीला त्याची मुदत संपते. मग तो फुकट हातचा जाईल."

"आत्ताच खालच्या गावाला दिला तर बदल्यात दोन तरणे गडी देतात म्हणे."

"अहो, तो निघालाच आहे. काल गाडीभर बांबू आणले त्यानं. गाडीला ताट्या बांधतोय."

"खांदाही गेलाय म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? काल डाव्या हातानं पाणी पीत होता."

हे 'म्हणे' नेमकं कोण म्हणतं, ते कुणी विचारलं नाही. पारावरचं बोलणं विहिरीवर गेलं, विहिरीवरचं चुलीपाशी आलं. टोपल्या घ्यायला येणाऱ्या बायका गड्याच्या बायकोला विचारू लागल्या, "निघायचं कधी?" ती दिवस भरत आलेली बाई. टोपली हातात द्यायची आणि आत वळायची.

पाटलीणबाई आधी हसली, मग ऐकू लागली, आणि शेवटी ते बोलणं तिला स्वतःचाच विचार वाटू लागलं. दोन तरणे गडी, म्हणजे पुढची दहा वर्षं पाणी. यात गावाचं वाईट काय?

गावात एक म्हातारी तांबटीण होती. ती काठी टेकत वाड्यावर आली.

"पाटलीण, तो पत्रा माझ्या नवऱ्यानं कोरलाय. दोन दिवस ठोकत बसला होता. एका ओळीला दोन दिवस लागत नाहीत. गड्याकडे जायच्या आधी तो चिंचेनं घास आणि वाच."

"मला पाठ आहे तो, म्हातारे."

"पाठ आहे म्हणून तर म्हणते, वाच."

पाटलीणबाईने पत्रा काढून बघितला. पहिली ओळ दिसली. खाली अकरा दसऱ्यांची हळद बसून दगड झाली होती. चंद्र-सूर्य कोरले असतील, असं म्हणून तिने तो परत ठेवला.

होळीच्या दिवशी, भर दुपारी, ती गड्याच्या दारात गेली. खालच्या गावचा माणूस दोन गडी घेऊन वेशीवर बसला होता. गडी अंगणात बांबूच्या कांबी ओढत होता. दोन्ही हातांनी.

"खालच्या गावाला तू हवा आहेस," ती म्हणाली. "करारात आहे म्हणून विचारते. जातोस का? नाही म्हण, मी आल्या पावली परत जाते."

गड्याचे हात थांबले. त्याने कांब खाली ठेवली आणि बायकोकडे बघितलं. त्याची बायको आत गेली आणि त्यांचा पत्रा घेऊन आली. तो लखलखीत घासलेला होता.

"दुसरी ओळ वाचा, बाई."

पाटलीणबाईने वाचली. 'आणि गाव ज्या दिवशी त्याला जातोस का असं विचारील, त्या दिवसापासून तो मोकळा. मन मानेल तिकडे जाईल. गावाने बदल्यात काही मागू नये.'

"आधीच्या गावात दर होळीला हेच विचारायचे," गडी म्हणाला. "बियाणं पेरलं तरी वाटायचं, कापायला आपण असू का. म्हणून ही ओळ घालून घेतली. तुमच्या मालकांना ठाऊक होती. अकरा वर्षं कुणी विचारलं नाही. बरं वाटत होतं."

"मग हे बांबू?"

"पाळण्याचे आहेत."

पाटलीणबाईने पत्रा त्याच्या हातात परत दिला. "मी विचारलंच नाही असं समज."

"विचारलंत, बाई," तो म्हणाला.

त्याची बायको म्हणाली, "ज्या गावानं दार दाखवलं, त्या गावातल्या आढ्याला मी पाळणा टांगायची नाही."

ऊन कलायच्या आत त्यांची गाडी खालच्या गावाकडे निघाली. अर्ध्या विणलेल्या पाळण्याचं एक टोक पाटलीणबाईने स्वतः धरून गाडीत चढवलं. वेशीवर खालच्या गावचा माणूस उठला आणि त्याने आपले दोन्ही गडी माघारी वळवले.

"गडी आपल्या पायानं येतोय," तो म्हणाला. "मग बदल्यात द्यायचं कशाला?"

संध्याकाळी होळी पेटली. आता कुणी येणार नव्हतं आणि कुणी जाणार नव्हतं.

चैत्रात सामना झाला. टोला बसला आणि विटी पाटलीणबाईच्या डोक्यावरून गेली. या वेळी बाभळीवर खालच्या गावची पोरं चढली होती. वरचं गाव हरलं. वैशाखात त्यांच्या पाटाला चिखल आला, आणि बेडूक.

पारावरचे म्हणाले, "आम्ही सांगतच होतो, तो जाणार म्हणून."

"तुम्ही सांगितलंत म्हणून गेला," पाटलीणबाई म्हणाली. "आणि मी ऐकलं म्हणून."

घरी येऊन तिने देव्हाऱ्यातला पत्रा काढला आणि चिंच लावून घासला. हात पिवळे झाले. हळूहळू एकेक अक्षर वर आलं. गुरांना पाणी नव्हतं त्या दिवसांत, तरी अर्धा तांब्या पाणी तिने त्यावर खर्च केलं, आणि शेवटचा शब्द वाचून झाल्यावरच उठली.

म्हणून सांगते ते ध्यानात ठेवा: ज्याला आपला म्हटलं, त्याला लोकांच्या बोलण्यावरून 'जातोस का' असं विचारू नये, विचारलं की तो गेलाच.