खास सोय

आमच्या ठाण्याच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला. नव्या इमारतीच्या नकाशात दाराशी पाच पायऱ्या होत्या, उतार नव्हता. चाकांच्या खुर्चीवरून फिरणाऱ्या आमच्या सेक्रेटरी इंदुमतीबाई राऊळ यांनी तो मागितला, तेव्हा बिल्डर पारसनीस म्हणाले, "एका माणसासाठी खास सोय कशी करणार, बाई? आम्हाला सगळे सारखे."

पुढच्या सभेला आलेले सगळेच गोंधळले. हॉलमध्ये एकही खुर्ची नव्हती. कुणी सतरंजी शोधू लागलं, कुणाला वाटलं सभाच रद्द झाली. पारसनीस नकाशाची गुंडाळी घेऊन भांबावल्यासारखे उभे होते.

"अहो, बसायचं कशावर?" त्यांनी विचारलं.

"मी तर माझी खुर्ची घरून आणली," इंदुमतीबाई म्हणाल्या. "तुम्हाला काही खास सोय हवी होती का?"

पारसनीसांनी नकाशा भिंतीवर धरला आणि उभ्याउभ्याच दाराशी उतार काढला.