शेवटच्या होलवरची हाक

“…पण सर, त्या शेवटच्या फटक्याला माझं मन एवढं स्थिर कसं राहिलं, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.”

गोल्फ क्लबच्या सरावाच्या हिरवळीवर गुलमोहराच्या वाळक्या शेंगा पडल्या होत्या, त्या शितोळे सर वेचत होते.

निरंजनने चषक बाकावर ठेवला. अंतिम सामना जिंकून आठवडा उलटला, तरी गुरूच्या तोंडून शाब्बासकी निघाली नव्हती. शेवटी तो स्वतःच चषक घेऊन आला होता.

हातात कला असून तो वर्षानुवर्षं ऐन वेळी कच खात आला होता. लोक बघतायत, समोरचा पुढे गेलाय, एवढं नुसतं मनात आलं की मनगट लटपटायचं. सरांनीच त्याला त्यातून बाहेर काढलं होतं.

“तुमचंच वाक्य धरून ठेवलं,” तो म्हणाला. “बॉल आणि होल. मधे जग नाही.”

“हेरंबला भेटलास?”

प्रश्न त्याला आवडला नाही.

हेरंब मोघे म्हणजे सरांचाच दुसरा शिष्य, निरंजनचा लहानपणापासूनचा जोडीदार, आणि अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धी. निरंजनचा बॉल होलमध्ये पडला, टाळ्या झाल्या, आणि मागे हेरंब गवतावर बसलेला दिसला. हरलाय बिचारा, बसू दे जरा, असंच सगळ्यांना वाटलं. कुणी जवळ गेलं नाही. फोटो काढून झाले, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की त्याचं तोंड वाकडं झालंय. मेंदूत गुठळी. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

“जायचंय,” निरंजन म्हणाला. “पण मी पाठमोरा होतो, सर. मला काय कळणार? तेव्हा काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. समाधीच म्हणा ना.”

सरांनी खिशातून एक बॉल काढून हिरवळीवर टाकला. बाकाला टेकवलेली गोल्फची काठी त्याच्या हातात दिली.

“दाखव.”

निरंजन सुखावला. होल अगदी जवळ होता. त्याने वाकून उतार पाहिला, पाय रोवले, श्वास सोडला. मन खरोखरच शांत झालं. काठी मागे गेली…

“निरू.”

हाक अगदी हळू होती. काठी हवेतच थांबली. सर त्याला कायम निरंजन म्हणत. निरू म्हणणारा एकटा हेरंब.

तो वळला. सर मागे उभे होते.

“ऐकू आलं तर,” ते म्हणाले.

निरंजनने काठी खाली टेकवली.

“मी रोज जातो इस्पितळात. त्याला आता हा एकच शब्द येतो. नर्सकडे पाणी मागायचं तरी हाच. बायकोला बोलवायचं तरी हाच.”

त्या दिवशी मागून आलेली हेरंबची हाक जड जिभेची होती, अर्धवट. ती आली तेव्हा त्याची काठी अजून हललीही नव्हती. हेरंब मुद्दाम मन ढळवतोय, असं त्याला वाटलं होतं…

नाही. तसं त्याने नंतर स्वतःला सांगितलं होतं. त्या क्षणी त्याला एवढंच वाटलं होतं, की आधी हे होऊन जाऊ दे.

“ऐकलं होतं,” तो म्हणाला.

“आणि हात?”

“…लटपटला नाही.”

सरांनी मान डोलावली, धडा बिनचूक म्हणून दाखवणाऱ्या मुलापुढे मास्तर डोलावतात तशी. मग हातातल्या शेंगा त्यांनी तिथेच हिरवळीवर सोडून दिल्या.

निरंजनने काठी परत द्यायला हात पुढे केला. सरांनी ती घेतली नाही. ते बाजूला झाले, त्याच्या आणि होलच्या मधली जागा मोकळी करून दिली.

“खेळ,” ते म्हणाले. “आता मागून कुणी हाक मारणार नाही.”