काळ्या बाटलीचा ठराव

वाघळूद गावात निम्मी पोरं जुलाबानं आडवी झाली, तेव्हा आरोग्यसेविका इंदूताई खरातांनी विहिरीचं पाणी तपासणीच्या बाटलीत भरलं. दुसऱ्या दिवशी ते काळं पडलं. म्हणजे पाणी दूषित!

सरपंच दाजीबा उखडले. विहिरीवर त्यांच्याच नावाची पाटी होती. ग्रामसभेत ते गरजले, "ही लोकशाही आहे, बाई. तुमची एवढीशी बाटली मोठी की गाव? पाणी चांगलंय म्हणणाऱ्यांनी हात वर करा!"

धाकानं सगळे हात वर गेले.

इंदूताईंनी बाटली टेबलावर ठेवली. "झाला ठराव मंजूर. आता आणखी एक घ्या, सरपंचसाहेब. हे काळं पाणी आत्ताच्या आत्ता नितळ व्हावं. करा हात वर!"

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. बाटली काळीच होती.

"पाणी कसंय ते बाटलीला विचारायचं," इंदूताई म्हणाल्या, "आणि त्याचं काय करायचं, ते गावाला. बोला, विहिरीत औषध आज टाकायचं की उद्या?"

"आज!" गाव एका सुरात ओरडलं.

आठवड्यानं पोरं अंगणात हुंदडू लागली. नव्या बाटलीतलं पाणी नितळच राहिलं. दाजीबांनी ती स्वतः सभेत सगळ्यांना दाखवली. मतदान मात्र घेतलं नाही.