बकुळीची जाळी

झाडं आणि लोखंड एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. रस्त्याकडेच्या कोवळ्या बकुळीला एक लोखंडी जाळी शेळ्यांपासून जपायची. दरवर्षी खोडांचा घेर मोजायला मोजपट्टी, म्हणजे टेपबाई, आल्या की जाळी विचारायची, “माझी पोर शेजारच्या गुलमोहरापेक्षा मागेच का हो?”

“मागेच,” टेपबाई म्हणायच्या, आणि जाळी हिरमुसायची.

एका वर्षी मात्र टेपबाई खोड आणि जाळीच्या मध्येच अडकल्या. “अगं, पोर भरली की! आता तुला कापून काढायला हवं, नाहीतर तूच तिच्या अंगात रुतशील.”

बकुळ रडू लागली, “मग मी वाढतच नाही!”

“वेडाबाई, एवढ्यासाठीच तर शेळ्यांची शिंगं सोसली,” जाळी म्हणाली. मग टेपबाईंकडे वळली. “आकडा जरा मोठ्यानं सांगा हो. गुलमोहराला ऐकू जाऊ दे.”