हरवलेली एक्केचाळीस घरं

"बाबा, मग एक्केचाळीस घरं गेली कुठे?"

लतीफबाबा दर्ग्याजवळच्या तकियाच्या, म्हणजे आपल्या फकिरी मठीच्या, ओट्यावर गव्हातले खडे वेचत होते. मान वर केलीच नाही.

"चालत गेली की उडत?"

"चेष्टा नको. यादीतून गेली!"

विचारणारा निनाद घोसाळकर. पुण्याहून आलेला, आरोग्य केंद्राच्या याद्या लॅपटॉपवर करणारा. दोन पदव्या होत्या. तिसरी घेतली असती तर तकियाच्या दारातून आत मावला नसता.

शेजारी रोहिणी सिस्टर उभी. खांद्याला गोवरच्या लशीची थंड पेटी. ज्या घरांत एकाही मुलाला लस नाही, तिथे तिला आत्ताच्या आत्ता जायचं होतं. पेटीतला बर्फ काही पदव्या बघून थांबत नाही.

"नीट सांग," बाबा म्हणाले. "आम्ही अंगठेबहाद्दर."

"मुलंबाळं असलेली घरं दोनशे बारा. एका घराची एक ओळ. ओळीच्या पोटात त्या घरच्या मुलांचा छोटा तक्ता. मी सगळे तक्ते उलगडून प्रत्येक मुलाची वेगळी ओळ केली. मग कुठल्या घरी किती लसी झाल्या ते मोजायला लस झालेली मुलं ठेवली, बाकीची गाळली. राहिली एकशे एकाहत्तर घरं."

"आणि सिस्टरला कोणती हवीत?"

"लस नसलेली."

"मग दे की."

"तीच तर नाहीत! तीनदा केलं, बाबा. कॉम्प्युटर चुकत नाही."

"खरंय. त्याला बिचाऱ्याला डोकं कुठंय."

सिस्टरला खोकला आला. हसण्यासारखा.

दुसऱ्या दिवशी उरूस होता. घराघरातून फडक्यात बांधून गहू, गूळ, खोबरं आलेलं. ज्याचं फडकं, त्यातच मलिदा बांधून त्याच्या घरी परत जायचा. हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक, साहेबांना नव्हतं.

बाबांनी पाच गाठोडी त्याच्याकडे सरकवली.

"यातला गूळ दे."

निनादने पाचही सोडली, चटईवर ओतली, गूळ वेचला, फडकी झटकून कोपऱ्यात टाकली. दोन मिनिटांत काम फत्ते. छाती पुढे.

"छान," बाबा म्हणाले. "गूळ कुणाच्या घरून आला नाही?"

निनादने ढिगाकडे पाहिलं. मग फडक्यांकडे. मग पुन्हा ढिगाकडे...

"ते... आता कसं कळणार?"

बाबांनी आपल्या पुढ्यात दुसरी पाच ओढली. एकाची गाठ सोडली. गूळ आतच ठेवला, बाकीचं परातीत काढलं, पुन्हा गाठ मारली. फडकं रांगेत. दुसरं तसंच. तिसरंही.

चौथ्यातलं सगळं परातीत गेलं. मागे काहीच उरलं नाही.

बाबांनी रिकाम्या फडक्याला गाठ मारली आणि तेही रांगेत ठेवलं.

"अहो बाबा, त्यात काहीच नाही!"

"नाही."

"मग रांगेत कशाला?"

बाबा पाचव्याची गाठ सोडत राहिले...

सिस्टरने पेटीचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला. पेटीतून पाण्याचा एक थेंब ओट्यावर पडला.

निनाद त्या रिकाम्या फडक्याकडे बघतच राहिला. लॅपटॉप उघडला. मिटला. परत उघडला.

"म्हणजे... उलगडायच्या आधी, घराच्या ओळीतच गाळायचं... मग तक्ता रिकामा झाला तरी घर यादीत राहतं!"

बाबांनी रिकामं फडकं उचललं आणि सिस्टरच्या हातात दिलं.

"पहिल्यांदा अशा घरी जा, पोरी."