ज्वारीतून उगवलेला डोंगर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. लहानांनी ती ऐकावीच, मोठ्यांनी जरा कान उघडून ऐकावी.

ओढ्याकाठी कुंभारांचं एक गाव होतं. एका सकाळी थोरल्या कुंभाराच्या ज्वारीत जमीन फाटली. आधी धूर आला, मग तांबडे दगड उडाले. दुसऱ्या दिवशी तिथे वारुळाएवढा उंचवटा होता, आठवड्याने टेकडी, आणि वर्ष सरता सरता डोंगर. गाव ओढ्यापलीकडे झोपड्या घालून राहिलं.

थोरल्याने सगळ्यांना बोलावलं. "जमीन कोपलीय. येत्या पुनवेला गाडगी-मडकी बांधा, मुलूख सोडायचा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याची नात तेवढी उठली. ज्या ओढ्याच्या मातीत तिचे हात घडले, ती माती सोडायची या विचाराने तिचा जीव तुटत होता.

"आजोबा, जन्मभर आगीवर पोट भरलंत, आणि आता आगीला भिऊन पळता?"

"तोंड आवर, बये! मडकी भाजायच्या आव्यातली आग आपण लावतो. ही कुणी लावली?"

"तेच बघून येते!"

ती तडक डोंगर चढू लागली. राख वरून थंड दिसत होती. दहा पावलांत वहाणा करपल्या, पाय पोळले.

लंगडत परतली तेव्हा म्हातारा रागावला नाही. तिच्या तळव्यांना कोरफडीचा गर लावत त्याने विचारलं, "मडकी भाजताना गरम आवा उघडला तर काय होतं?"

"मडकी तडकतात," ती पुटपुटली. मग उसळून म्हणाली, "पण आवा गरम आहे म्हणून कुणी गाव सोडून जातं का?"

म्हाताऱ्याने निघणं लांबणीवर टाकलं. पुनव आली नि गेली. बांधलेली गाडगी पुन्हा सुटली.

त्या गावात आवा निवला का, हे त्यावर ओल्या गवताची पेंढी ठेवून बघत. नात रोज सकाळी उतारावर पेंढी ठेवी. वाफ निघाली की मागे फिरे. असे तीन पावसाळे गेले. मग एका सकाळी पेंढी ओलीच राहिली, आणि आजा-नात हात धरून वर चढले.

माथ्यावर आव्याच्या तोंडासारखा भला थोरला खळगा होता. भेगांतून अजून ऊब येत होती.

ही बातमी मुलूखभर पसरली. म्हातारे डोंगर सगळ्यांनीच पाहिले होते. ज्याचा जन्म पाहिलेली माणसं अजून हयात आहेत असा डोंगर कुणी पाहिला नव्हता. लोक गाड्या जुंपून येऊ लागले. पायथ्याशी बसलेला म्हातारा त्यांना ऐटीत सांगे, "माझ्या ज्वारीतून निघालाय हो! आमच्या करड्या शेळीहून दोन वर्षांनी लहान आहे!"

"आणि हेच निघाले होते पळून," नात म्हणे.

"आणि ही निघाली होती जळून," म्हातारा म्हणे.

दोघंही हसत. मग ती पेंढी भिजवून पाहुण्यांच्या पुढे चालू लागे, आणि कितीही घाई करणारा पाहुणा निमूट तिच्या मागून येई.

म्हणून लक्षात ठेवावं: संकटापासून पळू नये नि त्याच्यावर धावूनही जाऊ नये, ते निवेपर्यंत जो जवळ थांबतो, त्याचंच ते वैभव होतं.