थांबलेला हात

"...मग असल्या आवर घालणाऱ्या पेशी शरीरात हव्यातच कशाला?"

एवढं विचारून डॉक्टर शौनक वझलवार ऐटीत मांडी घालून बसला. उत्तर आपल्याच खिशात आहे, असा त्याचा चेहरा.

समोर हंसगिरीबाबा ताकभात कालवत होते. वैनगंगेच्या काठी त्यांचा छोटा मठ. शौनकला लहानपणी याच नदीत त्यांनी पोहायला शिकवलं होतं. आता तो नागपुरात कर्करोगाचा नावाजलेला डॉक्टर होता, आणि बाबा त्याचे रोगी. टाचेवरच्या काळ्या डागात उठलेला रोग फुप्फुसापर्यंत जाऊन पोचला होता.

"मला कळेल असं सांग," बाबा म्हणाले.

"शरीराची एक पलटण असते, बाबा. रोगाच्या पेशी दिसल्या की मारते. पण त्या पलटणीला आवरणाऱ्याही पेशी असतात. रोग नेमका त्यांनाच हाताशी धरतो. मग पलटण नुसती बघत उभी राहते, आणि हा पसरतो."

"आणि तुझं औषध?"

"ते हा आवर सैल करतं. तुमच्या गाठी निम्म्या झाल्यात! माझं चाललं ना, तर आवर घालणारी एकही पेशी मी शिल्लक ठेवणार नाही."

"वा!" बाबा मनापासून खूश झाले. "आणि हे काय म्हणायचं?"

त्यांनी अंगावरची छाटी बाजूला केली. दंड, पाठ, छाती... सगळं लालभडक. गालाचीही कातडी सोलवटलेली.

शौनकचा आवाज जरा उतरला. "पलटण कातडीवर चालून आलीय. आतड्यांवरही. म्हणून तर जुलाब थांबत नाहीत."

"म्हणजे आता माझ्यावरच!" बाबा खो खो हसले. "भलतीच उत्साही आहे रे तुझी पलटण."

शौनकला मात्र हसू येईना. स्टेरॉइड दिलं की पलटण शांत होणार, हे त्याला ठाऊक होतं. पण ती शांत झाल्यावर रोग पुन्हा पसरला तर? शिवाय औषधाला इतकी झकास साथ देणारा रोगी त्याला आजवर मिळाला नव्हता. दिल्लीच्या परिषदेत तो बाबांचीच हकिकत सांगणार होता.

"थोडं सोसा, बाबा. उद्या पुढचा डोस घेऊ. ऐन रंगात आल्यावर थांबणं म्हणजे भित्रेपणा."

बाबा पुन्हा ताकभात कालवू लागले.

तेवढ्यात कुठूनसा एक डास आला आणि बाबांच्या सोललेल्या गालावर बसला.

शौनकचा हात सवयीने उठला, वेगात गेला... आणि गालापाशी येऊन अडकला.

डास सावकाश रक्त प्याला. उडून गेला.

"का रे? मारला का नाहीस?"

"तुम्हाला... लागलं असतं."

"भित्रा कुठला!" बाबा म्हणाले आणि ताकभाताचा घास तोंडात घातला.

शौनकचा हात अजून हवेतच होता. तो त्या हाताकडे बघत राहिला. मग उठला, नागपूरला फोन लावला आणि उद्याचा डोस रद्द करायला सांगितला.

त्याच दिवशी बाबांना आपल्या गाडीतून नेऊन त्याने वॉर्डात दाखल केलं. स्टेरॉइड सुरू केलं. बाबा नर्सबाईंना कोडी घालत मजेत पडून असत. शौनकच्या मात्र जेवणावरची वासना उडाली होती. जुलाब थांबले, कातडी निवळली, बाबा मठात परतले, तरी त्याचा जीव टांगणीलाच. पुढच्या तपासणीची चित्रं हातात आली, तेव्हा ती त्याने पुन्हा पुन्हा न्याहाळली.

गाठी वाढल्या नव्हत्या. एक तर दिसेनाशीच झाली होती.

आनंदाच्या भरात तो थेट मठात आला. बाबा नदीच्या पायरीवर धोतर पिळत होते. चित्रं बघून त्यांनी मान डोलावली.

"या वेळी निभावलं, बाबा," शौनक म्हणाला. "पण रोगाने पुन्हा डोकं वर काढलं, तर पुन्हा आवर सैल करावा लागेल. किती सैल करायचा, कुठे थांबायचं... हे मला नक्की कधी कळेल?"

बाबांनी ओलं धोतर जोरात झटकलं. शौनक नखशिखान्त भिजला.

"ज्या दिवशी नक्की कळेल ना," ते म्हणाले, "त्या दिवशी माझ्यासाठी दुसरा डॉक्टर बघ."